प्रेमराजचा हात

प्रेमराज गेला हे घरात कळायच्या आधी टीव्हीवाल्यांना कळलं होतं.

भागाबाई गच्चीवर बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. भुसावळचं ऊन, सकाळीच चटका बसतो, डोक्यावर ओला टॉवेल टाकून तिचं चाललं होतं. तेवढ्यात शेजारचे रुपचंद नाना खालून ओरडले, "अक्का, खाले ये! पटकन ये!"

तिला वाटलं आबा पडले. आबा म्हणजे तिचे वडील, भटू आबा, ऐंशीच्या पुढचे, रेल्वेचे रिटायर ड्रायव्हर. पिठाच्या हातानेच ती जिना उतरली. पाहते तं आबा ओट्यावर खुर्चीत ठणठणीत बसलेले, काठी हातात. अन् रुपचंद नाना दारात उभे, मोबाईल पुढे धरलेला, तोंडावर रंग नाही.

"प्रेमराज कथा गयथा आज विमान लई?"

"नागपूरले. रातले फोन व्हता त्याना. काब्र?"

नानांनी मोबाईल तिच्याकडे वळवला. त्यात एक विमान उभं होतं, पांढरं, धुतल्यासारखं. शिडी लावलेली, लोक उतरत होते. खाली लाल पट्टीत अक्षरं पळत होती. भागाबाई चौथी शिकलेली, अक्षर जोडून जोडून वाचते. पट्टी तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचं वाचून झालं. विमान उतरताना पायलटचा मृत्यू, प्रवासी सुखरूप.

"विमान तं चांगलं शे," ती म्हणाली.

खरंच असं म्हणाली. मंग कितीतरी दिवस ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. भाऊ गेला अन् ती म्हणे विमान चांगलं शे. पण कोणाच्याही घरात विमानाची बातमी आली की आधी मोडलंय का तेच पाहणार ना. हे मोडलं नव्हतं. एक खरचटा नव्हता त्याला. आतला माणूस तेवढा गेला होता.

प्रेमराज तिच्यापेक्षा लहान. आई लवकर गेली, म्हणून तिनेच कडेवर घेऊन फिरवलेला. मूळ गाव साक्रीकडचं, डोंगराच्या अंगचं. आबांना रेल्वेत नोकरी लागली अन् सगळे भुसावळला क्वार्टरमध्ये आले. क्वार्टरच्या मागेच यार्ड. आबा शंटिंगच्या इंजिनावर असले की प्रेमराज तारेच्या कुंपणातून घुसून तिथे हजर. साहेब नसला की आबा त्याला वर घ्यायचे, पुढे उभं करायचे, हँडलवर त्याचा हात ठेवायचे अन् त्या हातावर आपला हात ठेवायचे.

"हात काढाना नही. काही करानं नसनं तरी हात तठेच. इंजिन काय करी राह्यनं ते हातले समजस, डोयासले मांगून समजस."

भागाबाई कुंपणाबाहेरून पाहायची. तिला कधी वर घेतलं नाही. पोरींना कोण इंजिनावर घेतं?

आणखी एक गोष्ट होती त्या बापलेकांची. रेल्वेत ड्रायव्हर अन् त्याचा जोडीदार सिग्नल पाहिला की मोठ्याने बोलतात. एक म्हणतो हिरवा, दुसऱ्याने पाहून परत म्हणायचं हिरवा. मनात म्हणून चालत नाही. गाडी स्टेशनातून सुटायचा जो सिग्नल, त्याला स्टार्टर म्हणतात. तं हे दोघं घरातही तेच करायचे. प्रेमराज शाळेत निघाला की आबा फाटकातून ओरडायचे, "स्टार्टर हिरवा!" अन् तो दप्तर पाठीवर टाकून, "हिरवा!" पुढे तो धुळ्याला विमान शिकायला गेला तरी तेच. पायलट झाला, कॅप्टन झाला, कानावर केस पांढरे झाले, तरी सुट्टी संपून बॅग घेऊन निघाला की तेच. रिक्षावाला पाहत राहायचा की हे म्हातारं काय ओरडतंय.

रुपचंद नाना गार्ड होते रेल्वेत. ते लगेच म्हणायचे, "गार्डनी झेंडी दखाडी नही अजून. बेकायदा गाडी सोडी राह्यना हाऊ भट्या."

"तुनी झेंडी तुना डब्बामा ठेव," आबा म्हणायचे.

माणूस म्हणून प्रेमराज साधा. विमान चालवायचा पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर बसायचा नाही, म्हणे चक्कर येते. गावातल्या बाया हसून हसून बेजार. सोबत बॅगेत कळण्याची भाकरी अन् ठेचा न्यायचा, एअर होस्टेस पोरींना खाऊ घालायचा, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचा, आता तुम्ही खानदेशच्या झाल्या. शर्टाला इस्त्री स्वतःच करायचा, बायकोला, नूतनला, हात लावू द्यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचं विमान बदललं. तेव्हा सुट्टीला आला होता तं भागाबाईच्या स्वयंपाकघरात बसून तिला समजावत होता. पोळपाट पुढे ओढला, त्यावर लाटणं अन् उलथनं शेजारी शेजारी ठेवलं. म्हणाला हे थ्रॉटलचे दांडे. पुढे सारले की इंजिनाला ताकद, मागे ओढले की कमी. अन् हे आपोआप करणारं जे मशीन, ते ऑटोथ्रॉटल.

"आपोआप व्हस? मंग तू काय करस तठे? झोपस?"

"तुनासारखी बहीन घरमा व्हई तं झोपसू. आयक ना अक्का. जगमा मोठी विमानं बनाडनाऱ्या दोन कंपन्या. एक म्हनस, दांडा हालाले नको. जागवर उभा राहू द्या, मशीन आतल्या आत ताकद दी. तुम्ही विमान हाते चालाडशात तरी मशीन चालूच ठेवा. दुसरी म्हनस, नही, मशीन ताकद दी तं दांडा बी हालाले पाहिजे, पायलटना हातखाले हालाले पाहिजे. अन् विमान हाते चालाडशात तं ताकद बी हाते द्या, मशीन बंद करा."

"मंग खरं कोननं?"

"दोन्हीसनं. दोन सासवा शेत त्या. जिना घरमा गयात, तिना गत ऱ्हावो."

अन् खूश होता तो. इतकी वर्षं पहिलीच्या विमानावर काढली, आता दुसरीच्यावर आला होता, दांडे हलणाऱ्यावर. ओट्यावर जाऊन आबांना सांगितलं, "आबा, आते मना हातखाले हालतस. तुमना इंजिनसारखं."

आबांनी त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला.

अन् आता तोच नागपूरहून ॲम्ब्युलन्सने आला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, उतरता उतरता. कधी दुखलं नाही, कधी गोळी नाही. दर वर्षी तपासणी व्हायची, कागद चांगला यायचा. नूतन मुंबईहून आली, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. रडलीपण नाही. कोणी पाणी दिलं तं हातात धरून बसायची.

तिरडी उचलली. फाटकातून निघाली. तेव्हा आबा काठी टेकत खुर्चीतून उठले अन् जोरात ओरडले,

"स्टार्टर हिरवा!"

खांदेकरी थबकले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं काही राहिलं. आबा वाट पाहत होते. मान थोडी वळवून, कान पुढे करून, जसे नेहमी पाहायचे. सगळी गल्ली गप. भागाबाईला कळत होतं ते कशाची वाट पाहताहेत, पण तिची जीभ टाळूला चिकटली होती. मंग मागून कोणीतरी राम बोला भाई राम म्हणालं अन् माणसं निघाली.

आबा त्यानंतर बोलायचे थांबले.

खरा घाव पुढे बसला. दुखवट्याला दारावर बसायला माणसं येत होती, सकाळी ओटा भरलेला. रुपचंद नाना आबांच्या शेजारी मोबाईल घेऊन बसायचे, तेवढीच सोबत. एका सकाळी नाना वाचता वाचता मोठ्याने वाचून गेले. वाईट मन नाही त्यांचं, सवय आहे. बातमीत होतं की विमान उतरत असताना पायलटचा हात थ्रॉटलवर अडकून राहिला, मशीन दांडे पुढे ढकलत होतं अन् हात त्यांना मागे धरून होता, त्याने विमानाचा वेग पडला, मोठा अनर्थ थोडक्यात टळला. खाली कोणीकोणी लिहिलेलं, ऑटो चालू असताना हात कशाला ठेवतात, लोकांच्या जिवाशी खेळ.

आबांनी मान वर केली. "हात?"

नाना गडबडले. "काही नही भटू, हाई लोके काहीबी लिखतस..."

"हात काढेल नव्हता?"

नानांनी मोबाईल खिशात टाकला. आबा आपला उजवा हात मांडीवर घेऊन पाहत बसले. उलटा केला, सुलटा केला. मंग म्हणाले, "मीच शिकाडं त्याले."

त्या दिवसापासून ताट तसंच माघारी यायला लागलं. चहा तेवढा घ्यायचे. भागाबाईने भाकरी दुधात कुस्करून पाहिली, शेवभाजी केली, भांडून पाहिलं. आबांचं एकच. अधूनमधून स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायचे, "आमनी गाडीमा बटन व्हतं. ड्रायव्हरनी दाबं नही तं गाडी आपसूक ब्रेक मारस. ड्रायव्हर मरी गया तरी गाडी उभी राहस." जरा थांबून, "विमान उभं नही राहत."

भागाबाई गच्चीवर गेली एकदा, कशाला गेली तेही आठवेना. बिबड्या त्या दिवशीच्या तशाच पडलेल्या. उन्हाने वाकड्या झालेल्या, अर्ध्या कावळ्यांनी नेलेल्या. एक हातात घेतली तं बोटातच मोडली. तिथे बसून रडली ती. तिला कळत होतं की भाऊ गेला अन् आता बापही चालला, अन् दोघांना चिकटलेली गोष्ट एकच, हँडलवरचा हात.

अन् मंग शीतल आली.

शीतल म्हणजे त्या दिवशी प्रेमराजच्या शेजारच्या सीटवर होती ती पोरगी. को-पायलट. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. ती पण धुळ्यालाच विमान शिकलेली, म्हणून प्रेमराज फोनवर तिचं नाव घ्यायचा, आपली पोरगी म्हणायचा. रिक्षातून उतरली, साधा पंजाबी ड्रेस, हातात पिशवी. नवीन माणूस दारात दिसलं तशी बायांनी रडण्याचा सूर लावला, आपल्याकडे लावतात तसा. ती फाटकातच थिजली. भागाबाई उठली, तिचा हात धरून तिला नळावर पाय धुवायला नेलं अन् नळ मोठा सोडून हळूच म्हणाली,

"पोर, एक इनंती शे. आबाले हातनं काही सांगू नको. हात मांडीवर व्हता म्हन. म्हातारा आठ दिनना उपाशी शे."

शीतल तिच्याकडे पाहत राहिली. मान हलवली, हो म्हणून.

आबांच्या पाया पडली अन् खाली ओट्यावरच बसली. आबांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कोणाशी स्वतःहून बोलले.

"हाक दिन्ही व्हती का तू?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. पण शीतलला बरोबर कळलं.

"दिली आबा. उतरताना आम्ही पण बोलतो. विमान अजून मशीनवरच होतं. मी वेग सांगितला, त्यांनी उत्तर द्यायचं असतं. नाही आलं. परत सांगितला."

"मंग त्यानाकडे पाह्यं?"

शीतलने पदर नसताना ओढणीच तोंडाला लावली. "लगेच नाही पाहिलं आबा."

भागाबाईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. शेजारी माणूस मरतोय अन् ही बसून राहिली?

"मी आधी दुसऱ्या कंपनीच्या विमानावर होते," शीतल म्हणाली. "तिथे दांडे हलतच नाहीत. उभे असतात, आत मशीन काम करतं. मला तीच सवय. सर मला हेच शिकवत होते, की या विमानात दांडे थांबलेले दिसले तर विचार, का थांबले. रोज सांगायचे. त्या दिवशी दांडे थांबलेले मला दिसले, आबा. डोळ्यांना दिसले. अन् मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं सर विचारात आहेत, उत्तर देतील. मंग वेग पडल्याचा भोंगा वाजला, तेव्हा मी वळले."

"हात कोठे व्हता त्याना?"

नळाचं पाणी कोणी नीट बंद केलं नव्हतं, ते टपटपत होतं. शीतलने भागाबाईकडे पाहिलं. भागाबाईने आबांकडे पाहिलं. काठीच्या मुठीवर आबांची बोटं अशी आवळली होती की नखं पांढरी पडलेली. तिच्या मनात आलं, मांडीवर म्हटलं तं या माणसाचा विश्वास बसायचा नाही. हा ड्रायव्हर आहे. याला माहीत आहे हात कुठे होता. अन् पोरगी आत्ता स्वतःची चूक सांगून मोकळी झाली, तिला आपणच खोटं बोलायला लावतो आहोत.

"सांग," भागाबाई म्हणाली. "सांगी टाक, बेटा."

"दांड्यांवरच होता," शीतल म्हणाली. "ते सीटमध्ये मागे अन् खाली घसरले होते, कोपर अडकलं होतं, सगळं वजन त्या हातावर. मशीन दांडे पुढे सारत होतं अन् हात सरकू देत नव्हता. मी हात काढायला गेले. बोटं सुटेनात. जमीन जवळ येत होती. मंग मी हात काढायचं सोडलं. त्यांच्या हातावर माझा हात ठेवला अन् तसाच पुढे ढकलला. त्यांच्या हातासकट."

आबांनी काठी पायांच्या मध्ये उभी धरली. मूठ पुढे केली. "कसा? दखाड."

शीतल गुडघ्यावर सरकली. आबांच्या सुरकुतलेल्या हातावर तिने आपला डावा हात ठेवला अन् पुढे ढकललं. काठी वाकली, आबांचं कोपर हळूहळू सरळ झालं. दोघांचे हात तसेच राहिले.

"ताकद लागनी?"

"खूप लागली. आधी हलेनाच. अन् मंग... मंग त्यांचा हात माझ्यासोबत आला आबा. जोर लागेनासा झाला. विमान वर उचललं. पुन्हा फिरून आले अन् उतरवलं."

"त्यानी ढकला?"

"डॉक्टर म्हणतात ते तेव्हा गेलेले होते. मला माहीत नाही. मी रोज तेच आठवते. मला नाही माहीत."

रुपचंद नाना खांबाकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. इतक्या दिवसांत जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता ती नूतन, चौकटीला धरून उभी.

"गरम होता का गं हात?"

शीतल उठून उभी राहिली. "हो वहिनी. गरम होता."

नूतन तिथेच खाली बसली अन् तिला रडू फुटलं. असं फुटलं की बाया धावल्या. भागाबाई मात्र जागची हलली नाही. तिला वाटत होतं आता आबांचं काय होतं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

आबांनी काठीवरून हात काढला, तळवा चोळला. "लोके किती व्हतात विमानमा?"

"भरलेलं होतं आबा. सगळे उतरले."

"हं." मंग भागाबाईकडे वळून म्हणाले, "या पोरले जेवाले वाढ. उपाशी धाडशी का?"

"अन् तुमले?"

"मले बी वाढ."

शेजारून आलेलं पिठलं होतं अन् भाकरी. शीतल आबांच्या शेजारी पाटावर बसली. आबा एक घास खायचे अन् थांबायचे. थांबायचे तेव्हा ताटाकडे नाही, हाताकडे पाहायचे. पण खाल्लं. अर्धी भाकरी खाल्ली. रुपचंद नाना म्हणाले, "भट्या, घासले झेंडी दखाडू का?" अन् लगेच गप झाले, कारण कोणाला हसता येईना अन् रडताही येईना.

निघताना भागाबाईने विचारलं, "आते परत उडाडशी का तू विमान?"

"परवापासून तपासणी आहे माझी. झाली तर उडवीन. हात ठेवून उडवीन अक्का."

रिक्षा आली. शीतल फाटकाबाहेर पडली. आबा खुर्चीतून उठले. भागाबाईला कळलं आता काय होणार.

"स्टार्टर हिरवा!"

शीतल वळली. तिला हे माहीत नसणार, प्रेमराजने सांगितलं नसणार. ती नुसती उभी राहिली, गोंधळून. आबा मान वळवून, कान पुढे करून वाट पाहत होते. तोच ओटा, तीच गल्ली, तसंच गप. त्या दिवशीसारखं.

"हिरवा," भागाबाई म्हणाली.

तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. जन्मभर कुंपणाबाहेरून ऐकलेला शब्द, तोंडात पहिल्यांदा आला होता.

आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिक्षाकडेच पाहत म्हणाले, "जोरमा म्हन. असं मनमा म्हनीसन चालत नही."

"हिरवा!" भागाबाई ओरडली.